काचेखालची फट

आमच्या घरात मारुती आली तेव्हा मला वाटलं होतं, आता तरी हे प्रवासात माझ्याशी बोलतील.

ह्यांची सगळी नोकरी एस.टी.त गेली, मालवण डेपोला. ड्रायव्हरच्या केबिनवर लिहिलेलं असतं, चालू गाडीत चालकाशी बोलू नये. प्रवासी ते वाचत आणि विसरत. ह्यांनी मात्र ते मनावर घेतलं होतं. लग्नानंतर कितीदा तरी मी ह्यांच्याच गाडीनं माहेरी गेले, पोरांना मांडीवर घेऊन गेले, पण स्टँड सुटल्यापासून उतरेपर्यंत ह्यांनी एकदाही मान वळवून बघितलं नाही. मी उतरले की कंडक्टर हसून म्हणायचा, वहिनी, ओळख आहे ना दोघांची?

निवृत्त झाल्यावर, दोन हजार साल उलटून गेलं होतं तेव्हा, ह्यांनी कुडाळच्या एका डॉक्टरांची जुनी पांढरी मारुती घेतली. पहिल्या दिवशी आम्ही दोघं धामापूरला भगवतीच्या देवळात नारळ ठेवायला निघालो. आमचं घर चौके गावाच्या पुढे, धामापूरच्याच वाटेवर. निघताना मी विचारलं, मागच्या दाराला कडी घातली ना? उत्तर नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तळ्याजवळ आल्यावर ह्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, गिअर काढला, हँडब्रेक ओढला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणत होतंस गो?"

तोवर मी काय विचारलं होतं ते मीच विसरले होते.

पुढेही असंच चाललं. तहान लागली, पंप आला, कोणी हात दाखवतंय, काहीही सांगायचं असलं तरी आधी गाडी थांबायची आणि मग हे बोलायचे. मागून येणारे हॉर्न मारून जायचे. ह्यांना त्याचं काही नसे.

एस.टी.तली आणखी एक सवय ह्यांनी मारुतीत आणली होती. बस सकाळी डेपोतून निघायची त्याआधी समोरची काच पुसून हे तिच्याखालच्या पट्टीत एक फूल खोचायचे. गाडीच्या कपाळाला फूल हवं, असं म्हणायचे. वाटेत कुठल्या गावात जत्रा असली, एखादी म्हातारी देवाचं फूल घेऊन गाडीपाशी आली, की तेही तिथेच. बसच्या त्या पट्टीमागे काही नव्हतं. फुलं सुकायची आणि गाडी धुताना निघून जायची.

मारुतीलाही बॉनेट संपून काच सुरू होते तिथे जाळीची फट होती. तिची एक पट्टी आधीच्या मालकाकडेच तुटलेली. ती जागा फुलांसाठीच केली आहे, अशी ह्यांची समजूत झाली. जास्वंद, अबोली, तुळशीची मंजिरी, उन्हाळा लागताना सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, जे हाती येईल ते त्या फटीत जायचं. दुसऱ्या दिवशी बघावं तर तिथे काही नसायचं. मी विचारलं तर म्हणायचे, देवान घेतल्यान.

आता शेवंतीबद्दल सांगायला हवं.

शेवंती ह्यांची धाकटी बहीण, माझी नणंद. तिचं सासर वालावलला, कर्ली नदीच्या पलीकडे. नेरूरपारचा पूल ओलांडला की तिचंच गाव जवळ. ती फार लहान असताना माझ्या सासूबाई गेल्या आणि थोड्या वर्षांनी सासरेही. मी ह्या घरात आले तेव्हा ती परकरात होती. ह्यांच्यामागून शेपटासारखी फिरायची आणि माझ्याकडे संशयानं बघायची. पुढे तिची माझी इतकी गट्टी झाली की हे म्हणायचे, घरात माझी बाजू घ्यायला कोणी उरलं नाही. लग्न झालं तरी दर गणपतीला ती माहेरी यायची. गणपतीच्या डोक्यावर टांगायची, रानफळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट म्हणजे माटवी, तीही आमच्याकडे शेवंतीच बांधायची. कवंडळं कुठे, हरणाची फुलं कुठे, सुपारीचा घोस मध्ये की कडेला, ह्यात कोणी हात घातलेला तिला चालत नसे. गौरीपुढे सुपं भरून ठेवायचा ओवसाही तिच्याशिवाय कधी झाला नाही.

मारुती घेतल्यावर दोन-तीन वर्षांनी, पौषात, तिचं गोव्याला कानाचं ऑपरेशन झालं. कानामागचं हाड किडलं होतं ते कोरून काढलं. मी तिच्याजवळ इस्पितळात राहिले होते. ऑपरेशन नीट झालं, पण त्यानंतर तिला आवाज सोसेना. मोकळ्यावर ठीक असायचं. बंद जागेत काही खडखडलं की तिला भोवळ यायची, पोटात ढवळायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बरं व्हायला वेळ लागेल, तोवर कानाला वारा लागू द्यायचा नाही, पाणीही लागू द्यायचं नाही. एस.टी. बंद झाली, रिक्षा बंद झाली. राहिली आमची मारुती.

आणि शिमगा झाल्यावर मारुतीचा पंखा वाजायला लागला.

पंखा म्हणजे आतल्या जाळ्यांतून वारा सोडतो तो. आधी नुसतं खट् खट् व्हायचं. मग वेग वाढवला की खर्रर्र असा आवाज, जणू कोणी पत्र्याच्या डब्यात खडे घालून घुसळतंय. हे डॅशबोर्डवर मूठ मारायचे. जरा वेळ थांबायचा, पुन्हा सुरू. उन्हाळ्यात काही बिघडलं नाही, आम्ही काचा खाली करून पंखा बंदच ठेवला. पावसाळ्यात मात्र त्याच्याशिवाय गाडी चालवता येईना. काचा लावल्या की समोरच्या काचेवर आतून वाफ धरायची आणि रस्ता दिसेनासा व्हायचा. मी फडक्यानं पुसू का म्हटलं तर ह्यांनी गाडी थांबवून मला सांगितलं की पुसलेल्या काचेवर ओरखड्यासारखं दिसतं, समोरून येणारा माणूस त्यात हरवतो. उभ्या नोकरीत ह्यांच्या हातून साधी कोंबडी मेली नव्हती. त्या गोष्टीत मी बोलत नसे.

आषाढात शेवंतीला कान दाखवायला कुडाळला न्यायचं होतं. जाताना उघडीप होती, काचा थोड्या खाली ठेवून, तिचे कान शालीत गुंडाळून नेलं. परत येताना पाऊस कोसळला. काचा लावाव्या लागल्या आणि पंखाही. नेरूरच्या पुढे शेवंतीनं शालीवरून दोन्ही हातांनी कान दाबले. जरा पुढे गेल्यावर म्हणाली, "दादा, थांबय. माका उतरूक होया." ती उतरली ती ओकलीच. मग रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसून राहिली. मी छत्री धरून उभी. परत गाडीत बसायला ती काही केल्या तयार होईना. शेवटी आम्ही दोघी एका छत्रीत वालावलपर्यंत चालत गेलो आणि हे मागून, गाडीचे दिवे लावून, आमच्या पावलांच्या गतीनं येत राहिले. मी एकदा मागे वळून बघितलं. काचेवर वाफ होती, ह्यांचा चेहरा दिसत नव्हता. नुसते वायपर हलत होते.

श्रावण सरता सरता तिचा फोन आला. मीच घेतला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "वैनी, दादाक सांग, औंदा माझी वाट बघू नको. माटवी तू बांध."

मी म्हटलं, मला येत नाही ती बांधायला.

"मगे तशीच रवांदे," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी ह्यांना सांगितलं. हे बरं म्हणाले आणि मांगरात जाऊन गाडीत बसले. आमची गाडी मांगरात, गवत साठवायच्या छपरात, ठेवलेली असायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसत होतं. चावी फिरवली, पंखा लावला, खर्रर्र झालं. बंद केला. पुन्हा लावला. त्या दिवशी जेवताना ह्यांनी भात अर्धा सोडला, आणि काळ्या वाटाण्याची आमटी, ह्यांच्या आवडीची, होती तरी. दुसऱ्या दिवशी माटवीची चौकट माळ्यावरून काढून धुवायची असते, तीही काढली नाही. विचारलं तर म्हणाले, घाई काय आहे. चतुर्थी आठवड्यावर आली होती.

ह्यांच्या मनात आणखी काही आहे हे मला कळत होतं. दिवसातून कितीदा तरी गाडीभोवती फिरायचे. वाकून टायरांमागे बघायचे, खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बघायचे. काय हरवलं म्हणून विचारलं तर काही नाही म्हणायचे.

कसालच्या गॅरेजवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, काका, आता माणसं गावाला गेली, गणपती झाल्यावर आणा. त्याचंही बरोबर होतं. चतुर्थीच्या तोंडावर आमच्याकडे पाना हातात धरणारा माणूस सापडत नाही, जो तो आपल्या गणपतीमागे असतो.

मग मीच म्हटलं, आपण उघडू. माझी शिलाई मशीन बिघडली की मी उघडते, हा पंखा त्याहून काय मोठा असणार.

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बसचं इंजिन चुलीवर ठेवायला निघाले होते. ड्रायव्हरनं गाडी चालवायची, दुरुस्ती वर्कशॉपनं करायची, अशी ह्यांची शिस्त. पण त्या दिवशी वाद घातला नाही. नुसतं म्हणाले, स्क्रू हरवू नको म्हणजे झालं.

संध्याकाळच्या आत काम व्हावं म्हणून जेवण झाल्या झाल्या आम्ही मांगरात गेलो. पाऊस पडतच होता. पंखा डाव्या बाजूला, पुढच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायांच्या वर असतो. त्याच्यापुढे कागद ठेवायचा खण. हे सीटवर उलटे झोपले, डोकं खाली जिथे पाय ठेवतात तिथे, आणि पाय दारातून बाहेर. मी बॅटरी धरून. खण निघाला. त्याचे स्क्रू मी एका करवंटीत ठेवले. मग पंख्याचे स्क्रू काढायचे होते, त्यांसाठी दुसरी करवंटी घेतली. वायरचा जोड सुटला. एक स्क्रू मात्र गंजलेला होता, फिरेना. मी मशीनच्या तेलाचा थेंब सोडला आणि सांगितलं, त्याला जरा वेळ द्या.

तेवढ्यात शेजारचा बाळा आला. त्याला माटवीसाठी आमच्याकडच्या सुपारीचा घोस हवा होता. त्याला ह्यांचे पायच दिसले. पायांकडे बघत म्हणाला, "दादा, तुमी यष्टी पण अशीच चालवी होतास काय?"

आतून उत्तर आलं, "तू बसत होतस माझ्या गाडयेत? तिकीट काढूक होया म्हणान चालत जाय होतस."

बाळा हसत बसला. मग गंभीर होऊन त्यानं त्याचं ज्ञान सांगितलं, की हा पट्ट्याचा आवाज आहे, इंजिनाकडचा पट्टा बदला. ह्यांनी आतून सांगितलं की घोस खळ्यात आहे, घे आणि जा. तो गेला.

स्क्रू निघाला. पंखा खाली आला तो एकदम, ह्यांच्या छातीवर. मी तो उचलून गौरीसाठी धुऊन ठेवलेल्या सुपात घेतला, दुसरं काही हाताशी नव्हतं. मांगराच्या दाराशी उजेडात नेऊन आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो.

पिंजऱ्यासारखं काळं चाक होतं. त्यात पात्यापात्याला फुलं भरलेली. सुकून काळी झालेली, काही कुजून चिकटलेली, काही अजून ओळखू येत होती. अबोली होती. सुरंगीचा दोरा पात्यांना वेढे घालून बसला होता. तुळशीच्या काड्या होत्या.

मी म्हटलं, हे तुमच्या देवान घेतल्यान.

मी माडाची हीर आणली, झावळीतली ती बारीक काडी, आणि एकेका पात्यातून फिरवायला लागले. भुगा सुपात पडत होता. चाक उलटं केलं, हलवलं, तर आत काहीतरी गडगडलं. पुन्हा हलवलं. टप् करून सुपात एक सुपारी पडली. चारी बाजूंनी घासून गुळगुळीत झालेली, पण सुपारीच.

हे ताडकन उठले. ह्यांनी ती सुपारी उचलली, गाडीचं मागचं दार उघडलं आणि मला म्हणाले, "आत बस. बस आत आदी."

मी विचारलं, का?

"गाडयेभायर काढूची नाय ती. धर आणि बस."

मी बसले. ओल्या हातात सुपारी घेऊन मागच्या सीटवर. ह्यांनी राहिलेली पाती एकट्यानं साफ केली, पंखा फुंकला, फडक्यानं पुसला, पात्याच्या आसावर मशीनच्या तेलाचा थेंब सोडला. मग सूप बाजूला ठेवून परत पुढच्या सीटवर उलटे झोपले. मी मागून वाकून बॅटरी धरली. दुसऱ्या मुठीत सुपारी.

आणि तिथे, गाडी बंद होती म्हणून असेल, हे बोलायला लागले. चेहरा दिसत नव्हता, आवाज खालून येत होता.

शेवंतीचं ऑपरेशन होतं त्या दिवशी मी गोव्याला होते आणि हे घरी. गाईला कोणी बघणारं नव्हतं म्हणून राहिले होते. घरात बसवेना म्हणून गाडी काढून धामापूरला भगवतीकडे गेले. गुरवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. एकटेच होते, त्यामुळे गाऱ्हाण्याला साथ म्हणून व्हय म्हाराजा म्हणायलाही हेच. गुरवानं देवीपुढची सुपारी दिली आणि सांगितलं, ही तुझ्या गाडीत राहू दे. बहीण बरी होऊन माहेरी निघाली की तिच्या हातानं इथे परत आणून दे. तोवर गाडीबाहेर काढू नको. ह्यांनी ती गाडीच्या कपाळाला ठेवली, फुलांमध्ये, घट्ट बसवून. तुटलेल्या पट्टीच्या जागी नेमकी बसत होती म्हणे.

"मगे शिमग्यात बघतंय तर नाय," हे म्हणाले.

कोणाला सांगायची सोय नव्हती. रस्त्यात पडली असं वाटलं. म्हणून ते टायरांमागे बघणं, खळ्यात बघणं. आषाढात ती गाडीतून उतरली तेव्हा ह्यांची खात्रीच झाली की सुपारी हरवली म्हणून तिची माहेरची वाट बंद झाली. आणि ती बंद केली ह्यांनीच.

ह्यांनी स्क्रू मागितला की सुपारी मांडीत ठेवून मी करवंटीतून काढून द्यायचे.

मग ह्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी मला ठाऊक नव्हती. शेवंतीच्या लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीला तिची सासू तिला पाठवेना. घरात काम आहे, म्हणाली. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते. ड्युटी संपवून चालत वालावलला गेले आणि त्यांच्या पायरीवर बसले. पाणी दिलं ते प्यायले नाहीत, आत बोलावलं तर गेले नाहीत. भांडण नाही, तक्रार नाही. पाऊस पडत होता, पायरी ओली, हे बसून. शेवटी सासऱ्यांना लाज वाटली. त्यांनीच शेवंतीचं बोचकं बांधायला लावलं. त्यानंतर कधी कोणी अडवलं नाही.

"आवस नाय, बापूस नाय," हे खालून म्हणाले. "तिका म्हायेर म्हणजे मियाच मां."

ऐकता ऐकता माझ्या हातातली बॅटरी भलतीकडेच वळली होती, तसे म्हणाले, "नीट धर गो, दिसणा नाय."

मी नीट धरली.

पंखा बसला, जोड लागला, खण परत गेला. हे उठून ड्रायव्हरच्या जागेवर आले. चावी फिरवली. बटण फिरवलं. नुसता वारा आला, पहिल्यांदा जरा जुन्या फुलांचा वास आणि मग नुसता वारा. मोठ्या वेगावर टाकला तरी सूं एवढाच आवाज. ह्यांनी दोनदा बंद करून पुन्हा लावून बघितला. मग खाली उतरले, घरात गेले आणि माझ्या जाळीच्या कपाटाची जुनी जाळी पडली होती ती कापून आणली. तुटलेल्या पट्टीच्या जागी ती तारेनं बांधली. मी मात्र अजून गाडीतच होते. शेवटी मीच ओरडून विचारलं की आता मला ही सुपारी घेऊन इथेच झोपायचं आहे का. तेव्हा ह्यांनी माझ्याकडून घेऊन ती त्या खणात ठेवली आणि खण लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही वालावलला गेलो. फोन केला नाही. फोनवर ती नाहीच म्हणाली असती.

शेवंती ओटीवर शेंगा सोलत बसली होती. आम्हाला बघून तिला बरं वाटलं आणि लगेच आम्ही कशासाठी आलो आहोत हेही तिच्या चेहऱ्यावर उमटलं. म्हणाली, मी सांगितलं ना फोनवर. मी म्हटलं, पंखा काढून साफ केला, आवाज गेला. तिनं दादाकडे बघितलं. ह्यांनी मान हलवली.

"कोणी केल्यान?"

"आमी," मी म्हटलं.

तेव्हा तिचा उरलासुरला विश्वासही उडाला.

मग मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. सुपारीचं नाही, ते ह्यांचं होतं. मी एवढंच सांगितलं की माटवीची चौकट अजून माळ्यावर आहे, दादा काढत नाही आणि नीट जेवतही नाही. तिनं हातातल्या शेंगा परातीत टाकल्या. थोड्या वेळानं पिशवी भरून, कान शालीत गुंडाळून बाहेर आली. "बसतंय," म्हणाली. "पण वाजलो तर पुलावर उतरतलंय. आणि मगे माका परत बोलवूचा नाय."

ती पुढे बसली, मी मागे. पाऊस लागला होता. ह्यांनी सगळ्या काचा वर केल्या, गाडी सुरू केली, पण गिअर टाकला नाही. समोरच्या काचेवर वाफ चढायला लागली. शेवंतीनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि डोळे मिटले.

"लाव पंखो बघया," म्हणाली.

"लावलंय," हे म्हणाले.

तिनं डोळे उघडले. समोरच्या काचेवरची वाफ खालून वर विरत चालली होती, अंगणातली तुळस दिसायला लागली होती. तिनं एक हात काढला. मग जाळीपुढे तळवा धरून बघितला, वारा खरंच येतो का. मग दुसराही हात काढला, पण मांडीवर ठेवला नाही, वरच धरून राहिली, लागला तर म्हणून.

आम्ही निघालो. हे नेहमीपेक्षाही हळू चालवत होते, खड्डा दिसला की लहान मुलाला उचलून ठेवावं तशी गाडी त्यातून काढत होते. मी मागून दोघांच्या डोक्यांकडे बघत होते. गेल्या वेळी ज्या दगडावर शेवंती बसली होती तो आला आणि गेला. पूल आला. खाली कर्लीला पाणी भरून आलं होतं, लाल. शेवंती तिकडे बघत होती आणि तिचे हात कधी मांडीवर आले ते मला कळलं नाही, तिलाही कळलं नसावं.

पुलाच्या मध्यावर, गाडी चालू असताना, रस्त्यावरची नजर न काढता, हे बोलले.

"शेवंते, बरा वाटता मां?"

मी सीटवरून पुढे झाले. इतक्या वर्षांत मी हे ऐकलं नव्हतं. माझ्यासाठी तळ्याजवळ गाडी थांबवून हँडब्रेक ओढणारा माणूस.

शेवंती म्हणाली, "दादा, तू फुडे बघ. चालत्या गाडयेत बोलतत काय?"

ह्यांचे खांदे हलले. हसत होते. मलाही हसू आवरेना आणि शेवंतीला आम्ही का हसतोय ते कळेना. भोवळ मला येते आणि डोकं तुमचं फिरलंय, म्हणाली.

धामापूरला ह्यांनी गाडी देवळाकडे वळवली. खण उघडून सुपारी काढली आणि शेवंतीच्या हातावर ठेवली. काय आहे ते थोडक्यात सांगितलं. थोडक्यात म्हणजे दोन वाक्यांत, मला खाली झोपून सांगितलं होतं त्यातलं काहीच नाही. ती सुपारी तिनं उलटीपालटी करून बघितली. "इतकी गुळगुळीत कशी?" विचारलं. पंख्यात होती, मी म्हटलं. म्हणजे माझ्या डोक्यात ही खडखडत होती, ती म्हणाली, आणि दादाकडे अशी बघत राहिली की ह्यांना छत्री शोधायला मागे वळावं लागलं.

आम्ही तिघं एका छत्रीत पायऱ्या उतरून आत गेलो. शेवंतीनं सुपारी देवीपुढे ठेवली. गुरव तोच होता, त्याला सगळं आठवत होतं. त्यानं पुन्हा गाऱ्हाणं घातलं, ह्या वेळी व्हय म्हाराजा म्हणायला आम्ही तिघं होतो. शेवंतीला इतक्या मोठ्यानं म्हणताना बघून मला भीती वाटली की तिचाच कान तिला त्रास देईल. नाही दिला. गुरवानं ह्यांच्या हातावर पिवळं, टपोरं शेवंतीचं फूल ठेवलं.

गाडीपाशी आल्यावर ह्यांनी समोरची काच रुमालानं पुसली आणि सवयीनं हात त्या फटीकडे गेला. जाळी होती म्हणून फूल आत जाईना. हे तिथेच, पावसात, फूल धरून उभे राहिले, आता हे कुठे ठेवायचं ते न सुचून.

शेवंतीनं ते ह्यांच्या बोटांतून काढून घेतलं. शाल जरा सैल करून, दुखऱ्या कानाच्या बाजूला, आपल्या अंबाड्यात खोचलं.

"चल दादा," म्हणाली. "माटवेची चौकट धुवक होयी. कधी सुकतली ती?"